तीनशे मीटरच्या आत

पोर्तेझीनो, १४ मे २०२४

गेरोलामो,

नावाआधी 'प्रिय' लिहिलेलं नाही, ते विसरून नव्हे. तीस वर्षं मी या गावच्या पोस्टात काढली. पत्राला काय लागतं आणि कशावाचून चालतं, हे मला कळतं.

तुझी बोट दिवसातून चार वेळा आमच्या घराखाली येते. येऊ दे, समुद्र काही माझ्या बापाचा नाही. पण तो भोंगा. तू इंजिन मंद करतोस, घसा साफ करतोस आणि सुरू होतोस. "वर बघा, चर्चच्या डावीकडे, लाल घर, हिरव्या झडपा. खिडकीत बसलेल्या बाईंचा नवरा, प्रोस्पेरो, भर वादळात तीन बुडत्या खलाशांना वाचवायला गेला आणि परत आला नाही. अडतीस वर्षं त्या तिथेच बसून वाट बघतायत. हात हलवा, त्याही हलवतील." आधी इटालियनमध्ये, मग जर्मन, मग इंग्रजी, मग फ्रेंच. पन्नास माणसं उन्हाच्या टोप्या काढून हलवतात आणि आपल्या आईचे फोटो घेतात.

आई अडतीस वर्षं खिडकीत बसलेली नाही. गुडघे गेले म्हणून गेली चार वर्षं बसते. त्याआधी ती आपल्या द्राक्षवेलींच्या बांधांवर राबत होती, अँचोवी मासे खारवून बरण्या भरत होती, आणि शेजारच्या फियोरेन्झाबरोबर पत्ते कुटताना उघड उघड लबाडी करत होती. वाट कोणाची बघत नव्हती. तिला तेवढा वेळच नव्हता.

आणि वादळ कसलं? ९ सप्टेंबर १९८६ ला समुद्र थाळीत ओतलेल्या तेलासारखा पडून होता. बाबा एकटे जाळी ओढायला गेले, दोन माणसांचं काम एकट्याने करायला. दुसऱ्या होडीतल्या बाचीनला आपली होडी भूशिराजवळ तरंगताना दिसली. बाबा होडीपासून दोन हातांवर पाण्यात होते, पाय जाळ्यात. डॉक्टर म्हणाले, काळीज आधीच बंद पडलं असणार. तुझे तीन खलाशी कुठून आले? त्यांना निदान नावं तरी द्यायचीस.

ते एकटे का गेले, हेही सांग की भोंग्यावरून. सांग, की त्यांच्या वीस वर्षांच्या मुलाने घरात कोणालाही न सांगता जिनोआला जाऊन मालवाहू जहाजावर नाव नोंदवलं होतं, आणि बाप पाण्यात पडला त्या वेळी तो तिथल्या डॉक्टरला छाती दाखवत उभा होता. चार भाषांत सांग. तुला येतात.

एक जूनपर्यंत हे बंद झालं नाही, तर मी नगरपालिकेत जाईन.

डेल्फिना


३ जून

गेरोलामो,

बोटीच्या वेळापत्रकाच्या पाठीमागे उत्तर लिहिणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. घरात कागद नसेल तर कळव, पाठवते.

तू दोन गोष्टी लिहिल्या आहेस. पहिली: "घरात कोणालाही न सांगता नव्हे. एकीला सांगितलं होतं." दुसरी: "आई हात हलवते. का, ते तिला विचार."

पहिलीचं उत्तर देते. हो, मला सांगितलं होतंस. आदल्या रविवारी, वरच्या बांधावर, द्राक्षांच्या टोपल्या भरताना. म्हणालास, "ताई, बाबांना मी स्वतः सांगणार आहे, जिनोआहून आलो की. तोवर तोंड बंद ठेव." मग पुढे काय? या गावात भिंतींना कान आहेत आणि कानांना जिभा. बाचीनचा मेहुणा जिनोआच्या गोदीत कामाला होता. धक्क्यावर कोणीतरी बाबांच्या कानावर घातलं असेल. ते मला का विचारतोस? इतकी वर्षं विचारलं नाहीस.

दुसरीचंही उत्तर देते. आई ब्याऐंशीची आहे. खालून पन्नास माणसं हात हलवायला लागली, तर ती हलवते. शेजारणीचं मांजर खिडकीत आलं तरी हलवते. त्याचा अर्थ लावत बसू नकोस.

तिला तू नको आहेस. अकरा वर्षांपूर्वी तू जहाजं सोडून आलास, दोनशे चौदा पायऱ्या चढून दारात उभा राहिलास, हातात मिठाईचा डबा घेऊन, जसा कोणी नामकरणाला येतो. तेव्हाच मी तुला सांगितलं होतं, आईला तुझं तोंड बघायचं नाही. तू डबा पायरीवर ठेवलास आणि गेलास. मुंग्या लागल्या त्याला.

दफनाच्या दिवशी स्मशानाच्या फाटकात, साऱ्या गावासमोर, ती तुला काय म्हणाली होती ते तू विसरला असशील, तर मी आठवण करून देते. "तू मारलंस त्याला." एवढंच म्हणाली. त्यानंतर तुझं नाव तिने घेतलेलं नाही.

मुदत संपली. मी अर्ज लिहायला घेतला आहे.

डेल्फिना


२६ जून

गेरोलामो,

एकशे बारा सह्या झाल्या. हिवाळ्यात इथे माणसं किती राहतात ते तुला माहीत आहे, तेव्हा हिशेब कर की कोण उरलं. पाद्रीबुवांनीही सही केली. तुझा भोंगा नेमका त्यांच्या अकराच्या प्रार्थनेत बोलतो. मागणी अशी, की किनाऱ्यापासून तीनशे मीटरच्या आत कोणत्याही बोटीने भोंगा लावू नये. नगराध्यक्षबाई म्हणाल्या, तुमचा भाऊ ना तो? मी म्हटलं, अर्जात नात्याचा रकाना नाही.

अर्ज आज देणार नव्हते. आठवडाभर थांबणार होते. पण काल जे झालं, त्याने राहवलं नाही.

दुपारी दारावर थाप पडली. उघडते तर एक जर्मन बाई, पन्नाशीची, घामाने निथळत, हातात आमच्याच बांधावरची तोडलेली फुलं. तुझ्या बोटीतून उतरून ती सगळ्या पायऱ्या चढून आली होती. मोडक्या इटालियनमध्ये म्हणाली, मला त्या वीरपत्नीला भेटायचंय, माझाही नवरा पाण्यात गेला. मी दार लावणार होते. आतून आईने हाक मारली, कोण आहे, आत येऊ दे.

ती बाई आईसमोर गुडघ्यावर बसली, तिचा हात धरून रडली. आईने तिच्या डोक्यावर हात ठेवला, तिला आपल्या वाट्याचा फोकाच्चा पाव खाऊ घातला. मग विचारलं, "बोटीवर काय सांगितलं, किती लोकांना वाचवलं त्याने?"

बाई म्हणाली, तीन.

"तीनच? आमच्या प्रोस्पेरोला पोहताही येत नव्हतं. पण माणूस चांगला होता. पाच म्हणायला हरकत नव्हती."

बाई हसली की रडली कळलं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि त्याच्या आवाजात उभी राहिले. ती गेल्यावर मी आईला म्हटलं, हे सगळं खोटं आहे, तुला कळतंय ना? ती म्हणाली, तुला काय वाटतं, नुसतं मला बघायला लोक पायऱ्या चढतात?

तुझ्या थापा आता तिच्या डोक्यात घर करतायत. हे तुझं काम. बापाचं मरण विकून झालं, आता आईची शुद्ध विकायला काढलीस. अर्ज आज सकाळी दिला. पोच माझ्याजवळ आहे.

डेल्फिना


१९ जुलै

गेरोलामो,

हुकूम निघाला, हे तुला माझ्याआधी कळलं असणार. आज पाच दिवस तुझी बोट मुक्याने जाते. अभिनंदन माझं मीच केलं.

हे पत्र मी का लिहिते आहे, ठाऊक नाही. जिंकलेल्या माणसाने लिहू नये.

पहिल्या दिवशी अकरा वाजता बोट खाली आली, इंजिन मंद झालं, आणि काही नाही. आई खिडकीत पुढे वाकली. मग मला म्हणाली, "गेरोचा घसा बसलाय का?"

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, त्याला मध घातलेलं दूध द्यायला कोणी आहे की नाही तिकडे? चौथ्या दिवशी मी सांगितलं, हुकूम निघालाय, आता भोंगा लावता येणार नाही. तिने विचारलं, कोणी काढला? मी म्हटलं, नगरपालिकेने. ती माझ्याकडे बघत राहिली. तिची नजर अधू झाली आहे, पण एवढीही नाही.

आता जे लिहिते ते तू आनंदाने वाचशील, वाच. तू हा धंदा सुरू केल्याला तीन उन्हाळे झाले. तीन उन्हाळे ती रोज साडेदहाला केस विंचरून घेते, माझ्याकडून. निळा स्वेटर मागते, जुलैच्या उन्हातही. मी समजत होते, म्हातारपणीची थेरं. नाही, ते खरं नाही. पहिल्याच उन्हाळ्यात, दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी, मला कळलं होतं. तुझा आवाज बाबांसारखा झालाय, 'र' तसाच घशात अडकतो. तो ऐकताना तिच्या तोंडावर जे येतं ते मी रोज बघत होते. ती टोपीवाल्यांना हात हलवत नव्हती.

ते मला सहन होत नव्हतं. अडतीस वर्षं तिची उष्टी-खरकटी मी काढली, तिचे पाय मी चोळले, आणि ती नटायची ती तुझ्यासाठी, ज्याने दिवसाला दहा मिनिटं थापा मारण्यापलीकडे तिच्यासाठी काही केलं नाही.

आता झालं तुझ्या मनासारखं? कबूल केलं. अर्ज मागे घेणार नाही.

डेल्फिना


८ ऑगस्ट

गेरोलामो,

काल तू मला धक्क्यावर पाहिलंस तेव्हा तुझा चेहरा पांढरा पडला. तुला वाटलं, आई गेली. मला ते कळलं, आणि तरी मी एक क्षण तुला तसंच ठेवलं. मग म्हटलं, ती ठीक आहे, मला तिकीट हवंय. तू म्हणालास, "छताखाली बस. ऊन लागेल." अकरा वर्षांत एवढंच.

मी का आले ते सांगते. आईने खुर्ची फिरवली आहे. खिडकीकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसते. मी सरळ केली तर म्हणते, तिथे काय बघायचं, मुका समुद्र? जेवण अर्ध्यावर आलं. फियोरेन्झा पत्ते घेऊन येते, तर तिलाही परत पाठवते. तेव्हा मला वाटलं, खालून आपलं घर दिसतं तरी कसं, ते एकदा बघावं.

मी बासष्ट वर्षांची आहे आणि आपलं गाव समुद्रावरून मी कधी पाहिलं नव्हतं. होडीत मला कोणी नेलं नाही, तुला न्यायचे. बोट भूशिराला वळली आणि सगळी घरं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहिलेली दिसली, त्यात आपलं लाल, आणि रिकामी खिडकी. माझ्या शेजारचा माणूस म्हणाला, किती सुंदर. मला त्याला ढकलून द्यावंसं वाटलं.

तू इंजिन बंद केलंस. मी वाट बघत होते, आता तोंडाने सांगेल, तीन खलाशी, वादळ. तू काहीच सांगितलं नाहीस. शेवटी एका मुलीने विचारलं, इथे का थांबलो, तिथे काय आहे? तू म्हणालास, "तिथे माझी आई राहते."

पुढे तू सुकाणूशी होतास आणि मी तुझी पाठ बघत होते. बाबांसारखेच खांदे, एक वर एक खाली. उतरताना मी तुला काही बोलणार होते. मागून लोक ढकलत होते, आणि मी भित्री आहे. म्हणून लिहिते.

बाबांना मी सांगितलं.

बाचीनचा मेहुणा नव्हे, मी. त्या सकाळी ते कॉफी पीत होते. मला दूर कूनेओ शहरातल्या शाळेत शिक्षिकेची जागा मिळाली होती, पत्र माझ्या एप्रनच्या खिशात होतं. ऑक्टोबरात हजर व्हायचं होतं. तू गेलास, तर आई-बाबा, वेली आणि जाळी माझ्या गळ्यात पडणार, हे मला दिसत होतं. मला वाटलं, बाबांना कळलं तर ते तुला थांबवतील, मग मी सुटेन. म्हणून सांगितलं. ते म्हणाले, बरं. कप विसळून ठेवला. कधी ठेवत नसत. आणि गेले.

ते पत्र मी त्याच आठवड्यात चुलीत टाकलं. तू जहाजावर गेलास. मी राहिले. आणि फाटकात आई तुला जे बोलली, ते मी तुझ्यापासून चार पावलांवर उभी राहून ऐकलं आणि गप्प बसले.

दुसरी गोष्ट. अकरा वर्षांपूर्वी तू दारात आलास तेव्हा आई आत झोपली होती. मी तिला विचारलंच नव्हतं.

माफी मागत नाही. मागितली तर तू देशील, असा तुझा स्वभाव आहे, आणि ते मला आवडणार नाही.

डेल्फिना


२ सप्टेंबर

गेरोलामो,

तुझं पत्र मिळालं. या वेळी कागदावर. "मला माहीत होतं, ताई. दुसऱ्या कोणालाच सांगितलं नव्हतं." म्हणजे अडतीस वर्षं तू ते जाणून होतास आणि जगभर ते ओझं वाहत फिरलास. तुझा मोठेपणा मला नको आहे. फाटकात तोंड उघडायचं होतंस. भांडायचं होतंस माझ्याशी. तू गप्प राहिलास म्हणून मला गप्प राहता आलं.

तू लिहिलंस, आईला सांगू नकोस, या वयात कशाला. तुझं पत्र यायच्या आधीच मी सांगून बसले होते.

परवा सकाळी तिची नखं कापत होते. हात हातात होता, म्हणून बोलता आलं. म्हटलं, आई, गेरोमुळे बाबा गेले नाहीत. मी सांगितलं होतं त्यांना. तिने हात काढून घेतला नाही. म्हणाली, "अंगठ्याचं राहिलं."

मला वाटलं, ऐकू गेलं नाही. पुन्हा सांगितलं, मोठ्याने.

"ऐकलं. मला तेव्हाच माहीत होतं. खाली उतरण्याआधी तो माझ्याकडे आला होता, मी पीठ मळत होते. म्हणाला, डेल्फिना सांगतेय, पोरगा जहाजावर चाललाय. मी म्हटलं, जाऊ दे की. तो म्हणाला, मग आजपासूनच एकट्याने ओढायची सवय करतो. मी त्याला अडवलं नाही. पीठ मळत राहिले."

मी विचारलं, मग फाटकात तू त्याला तसं का म्हणालीस?

आईने कापलेली नखं मांडीवरून झटकली. मग म्हणाली, "कोणाला तरी म्हणायलाच हवं होतं. तो तर जाणारच होता. तुझ्या खिशातलं ते पत्र मी वाचलं होतं. तुला म्हणाले असते, तर तूही गेली असतीस. दोघांतलं एक मला हवं होतं."

एवढं बोलून तिने दुसरा हात पुढे केला. मी त्याचीही नखं कापली. काय करणार होते? पाचच बोटं उरली होती.

त्या दिवसापासून मी तिच्याकडे बघते आणि मला राग कोणाचा येतोय तेच कळत नाही. तुझा यायची सवय आहे, म्हणून तुझाच येतो. तुझ्या नावाने बोटं मोडणं हेच माझं आयुष्यभराचं काम होतं, आणि ते मला तिने लावून दिलं होतं. तिने तुला घालवलं आणि मला ठेवलं, आणि दोघांनाही वाटत राहिलं की हे आपणच केलं. मी तिला सोडून जाऊ नये म्हणून तिने मला कधी दोष दिला नाही, गेरोलामो. एका शब्दाने नाही. मी ते तिचं प्रेम समजत होते. असेलही. मला आता ते ओळखता येत नाही.

म्हणून हे नीट वाच. गुरुवारी सकाळच्या आगगाडीने मी जाते आहे. कुठे आणि किती दिवस, ते विचारू नकोस. मलाही माहीत नाही. बोट बंद ठेव. हंगाम बुडेल, बुडू दे. किल्ली फियोरेन्झाकडे आहे. रक्तदाबाची गोळी न्याहारीच्या आधी, पांढरी रात्री जेवणानंतर. मासे खाते, पण काटे काढून द्यावे लागतात. अंघोळीला बुधवार आणि शनिवार. तुला लाज वाटेल, तिला वाटणार नाही. भोंग्याबद्दल मी नगरपालिकेला काहीही लिहिणार नाही. तू आता घरातच असशील, तुला भोंगा लागणार नाही.

तू येतो आहेस हे मी तिला सांगितलं. तिने विचारलं, आणि तू? मी म्हटलं, मी जाते आहे. ती थोड्या वेळाने म्हणाली, छातीत दुखतंय. डॉक्टर येऊन गेला. छाती तुझ्या-माझ्यापेक्षा चांगली आहे.

ती तुलाही काहीतरी सांगून ठेवून घ्यायला बघेल. खूप गोड सांगेल. राहायचं की नाही, ते तू ठरव. मला तेवढंही कोणी ठरवू दिलं नव्हतं.

डेल्फिना